हरणीची आठवी फळी

आमच्या होडीचं नाव हरणी. तिनं जिंकलेल्या शर्यती एका हाताच्या बोटांवर मोजल्या तरी दोन बोटं उरतील. पण किस्से म्हणाल तर बसल्या बैठकीला संपायचे नाहीत! एक सांगायला घेतला की त्याच्या मागनं दुसरा येतोच. त्या होडीतले आता आम्ही दोघंच उरलोय, आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. त्यामुळे मी सांगतो तेच खरं धरून चाला.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. श्रावणात नदी भरली की पलीकडच्या गावाशी शर्यत लागायची. आमच्या घाटापासून खाली चिंचेच्या बनापर्यंत. जिंकणाऱ्याला मानाचं निशाण, आणि हरणाऱ्याला वर्षभर टोमणे.

*

हरणी बांधली गणूअप्पा सुतारानं. जर्मनाशी दुसरी लढाई पेटली त्या सुमाराची गोष्ट. तोवर अप्पानं जन्मात फक्त बैलगाड्या केलेल्या! कुणी शंका काढली की म्हणायचा, "गाडीची चाकं काढली की काय ऱ्हातं? होडीच की."

लाकूड आठ घरांनी दिलं. कुणी साग, कुणी जांभूळ, तर कुणी बांधावरची बाभळ. अप्पानं ज्या घराचं लाकूड त्याच घराच्या गड्याची बसायची फळी केली, आणि नेम घालून दिला की ज्याची फळी त्यानंच बसायचं. डावीकडं चार, उजवीकडं चार. सुकाणूवर स्वतः अप्पा.

होडी तयार झाल्यावर गळते का बघायचं होतं. अप्पानं ती नदीत लोटलीच नाही. घाटावर ठेवून बायकांना घागरी घेऊन बोलावलं आणि काठोकाठ पाण्यानं भरायला लावली! आम्ही पोटं धरून हसलो. पाणी बाहेरून आत येतं, आणि हा आतून बाहेर काय बघतोय? अप्पानं जिथून पाणी ठिबकलं तिथं खडूनं खुणा केल्या, कापूस आणि राळ ठासली आणि म्हणाला, "पान्याला आतलं-भायेरचं कळत न्हाई." पुढं दोन वर्षं हरणीत थेंब आला नाही.

*

दोन वर्षंच का, तर एका हवालदारामुळे.

लाकडी होडी उन्हाळ्यात उघड्यावर ठेवली की फळ्या सुकतात आणि सांधे उघडतात. म्हणून शर्यतीचा मोसम सरला की आम्ही तिच्यात दगड भरून तिला डोहात बुडवून ठेवायचो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण वाईकडचे एक पेन्शनर हवालदार लेकीकडं राहायला आले होते. त्यांना कोण सांगणार? चैत्रात ते अंघोळीला गेले, त्यांना पाण्याखाली होडी दिसली. झालं! शिट्टी फुंकून परगावचे दहा-बारा मजूर गोळा केले, दोर लावून होडी वर ओढली आणि उन्हात वाळवायला ठेवली. वर दोन दिवस पहारा दिला, जवळ येईल त्याला हाकललं, पुन्हा कुणी बुडवू नये म्हणून!

तिसऱ्या दिवशी अप्पा आजोळाहून आला. तोवर फळ्यांमधून पलीकडचा घाट दिसत होता. अप्पानं हवालदारांच्या हातात घागर दिली. बिचारे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ होडीवर पाणी ओतत होते, आणि ओतताना पाठ मात्र ताठ!

*

हरणीत आठव्या फळीवर बसायचा शिवा. आवाज असा की अर्ध्या मैलावरची जनावरं मान वर करायची. शर्यतभर तो आम्हाला शिव्या द्यायचा आणि त्या शिव्यांच्या ठेक्यावर आमची वल्ही पडायची. तोच शिवा एक दिवस सांगलीला बाजाराला म्हणून गेला आणि पलटणीत भरती होऊन आला.

त्याच्या फळीवर बसवायचं कुणाला? अप्पा म्हणाला, कुणालाच नाही. शिवाची फळी शिवाची, तो येईस्तोवर ती तशीच राहील. पण एक माणूस कमी म्हणजे होडी कलंडणार. मग त्या जागी शिवाच्या वजनाचा धोंडा ठेवायचं ठरलं. गुऱ्हाळावरच्या काट्याला धोंडे लावून बघितले. वजन सांगायला शिवाची आई, आमची यसूकाकी, जातीनं हजर.

सात वल्ही आणि एक धोंडा! हरणी डावीकडं ओढायची, आणि अप्पा सुकाणू दाबून दाबून घामेघूम. त्या वर्षी सपाटून हरलो. पलीकडच्या होडीचा सुकाणूवाला बंडूतात्या, मोठा खवट माणूस. आम्ही काठाला लागलो की हात जोडून विचारायचा, "धोंडोबा दमलं का वो?"

*

दुसऱ्या वर्षी शिवाचं पत्र आलं. खाणं झकास आहे, अंग धरलंय. काकी पत्र घेऊन थेट अप्पाच्या दारात. "आवं, माझं पोरगं जाड झालंय. धोंडा बदला."

अप्पानं बदलला. पुढच्या पत्रात ताप येऊन गेल्याचं होतं, तेव्हा काकीनं पुन्हा हलका ठेवायला लावला! बंडूतात्याला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर हसत होता म्हणे.

*

मग पत्रं थांबली. एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. ओळीनं हरून आमची तोंडं काळी झालेली. आमच्यातली काही मंडळी म्हणायला लागली की आता तिथं माणूस बसवू. बोलायला पुढं मी होतो. आजही सांगताना लाज वाटते. अप्पा म्हणाला, मला नको सांगू, काकीला सांग.

गेलो. काकी भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही. म्हणाली, "बसवा की. शिवानं पत्र धाडलं, जागा दिली म्हनून, की त्याच दिशी बसवा."

त्या वर्षी धोंड्याचं वजन काय ठेवायचं ते आम्ही तिला विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. पुन्हा हरलो.

*

लढाई संपल्यावरच्या आषाढात शिवा आला. मिरजेच्या स्टेशनापासून चालत. डावी बाही खांद्याशी दुमडून पिनेनं अडकवलेली. काकीनं त्याला पोटाशी धरलं ते सोडेचना. पण एवढा दांडगा आवाज होता त्याचा, तो कुठं गेला कळेना. विचारलं तर हूं, नाही तर उंहूं.

शर्यतीच्या दिवशी तो घाटावर आला आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिला. अप्पानं धोंडा एकट्यानं उचलून पायरीवर ठेवला आणि फळी पुसली.

शिवा म्हणाला, "अप्पा, दुसरा बसवा. एका हातानं वल्हं चालत न्हाई."

"वल्हं आमी मारतो," अप्पा म्हणाला. "ह्या धोंड्यानं पाच वर्सांत एक शिवी दिली न्हाई गड्या. म्हनून हारलो. बस."

शिवा उतरला आणि बसला. आम्ही सातजण समोर पाण्याकडं बघत राहिलो, कारण एकमेकांकडं बघायची सोय नव्हती.

पलीकडची होडी शेजारीच तयार होती. बंडूतात्यानं सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आता हा काहीतरी खवट बोलणार, आणि बोलला तर मी वल्हंच घालीन डोक्यात. पण त्यानं होडी काठाला घेतली. आठव्या जागी त्याचा सख्खा भाऊ होता, अख्ख्या होडीतला ताकदीचा गडी. त्याला म्हणाला, उतर. भाऊ बघतच राहिला, पण उतरला.

मग बंडूतात्या स्वतः धोतर सावरत पायऱ्या चढून आमच्या धोंड्यापाशी आला.

"गणूअप्पा," तो म्हणाला, "ह्यो आता मोकळाच हाय न्हवं? न्हेतो आमच्या होडीत."