निळीची बादली आणि सुमनताईंचे घर

मला आज एवढेच सिद्ध करायचे आहे: सकाळी सुमनताईंच्या घरात गटाराचे पाणी शिरले, ते पावसामुळे नव्हे, आम्हा शेजाऱ्यांमुळे.

हिंगणघाटच्या आमच्या उतरत्या गल्लीत त्यांचे घर सर्वांत खाली आहे. बाळंतीण सुनेची खाट विटांवर चढवताना त्या ओरडल्या, "पाऊस तुमच्या गच्चीवर, अन् घाण माह्या घरात! काऊन?"

शेजारचे विठ्ठलराव म्हणाले, "पावसाले कोण अडवन, ताई?"

या उत्तराने मला संताप आला. मैल्यासाठी टाकलेल्या भूमिगत गटाराला लोक गच्चीचे पाइप जोडतात. मोठ्या पावसात ते गटार भरते आणि मैला खालच्या घरात उलटतो. पावसासाठी बांधलेली नाली मात्र जवळजवळ रिकामी वाहत होती.

पुरावा हवा म्हणून गटाराच्या चेंबरचे झाकण उघडून एकेका गच्चीवर निळीचे पाणी ओतायचे ठरवले. सुरुवात माझ्या गच्चीपासून केली, कारण तिचा पाइप नालीलाच जोडल्याचे मिस्त्रीने सांगितले होते आणि ती निर्दोष असल्याची मला खात्री होती.

चेंबरमधले पाणी निळे झाले.

"घ्या गुरुजी," ताई म्हणाल्या, "आता कोनाले रागवता?"

माझा पाइप दुपारी कापून नालीत सोडला. तुमच्या गच्चीचे पाणी कुठे जाते, हे तुम्ही स्वतः पाहिले आहे का?

मिस्त्रीच्या शब्दाला मी पुरावा मानले. ही चूक माझी.
— वामन गुरुजी