शिडीवरून दिसलेला जिल्हा

पेंटरकडं किस्से फार साचतात. कारण साधं आहे. आपण शिडीवर असतो, आणि शिडीवरचा माणूस खालच्या लोकांना माणूस वाटतच नाही. लोक आपल्या देखत भांडतात, टक्के ठरवतात, सोयरिकी मोडतात. मध्येच एखादा वर बघून म्हणतो, "पेंटर, लाईन सरळ येऊ द्या." की पुन्हा खाली सुरू!

हे सगळे किस्से लातूर नुकताच जिल्हा झाला तेव्हाचे. पावसानं पाठ फिरवली होती. नळाला पाणी कधी येईल ते नळवालाही सांगू शकत नव्हता. पण गावात उत्साह उतू चालला होता. मी नांदेडहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलो होतो, तोही फर्स्ट क्लास. आमचे अण्णा निलंग्याला पोस्टमन. आमच्या वस्तीतला पहिला सरकारी पगार त्यांचा, त्यामुळं पगार या गोष्टीवर त्यांची भारी श्रद्धा. त्यांनी माझ्यासाठी नायगावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा बोलून ठेवली होती. मी म्हणालो, मला मास्तर व्हायचं नाही, चित्रकार व्हायचंय.

अण्णा चपलेचा अंगठा चाचपत बसले. मग म्हणाले, "जूनपर्यंत बघ. जमलं तर तुझं तू. न्हाई जमलं तर गुमान नायगावला चल."

मग मी गंजगोलाईच्या मागं खाजाभाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली. खाजाभाई आमच्यातले सगळ्यात जुने. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी ज्या दुकानांवर उर्दूत बोर्ड रंगवले, त्याच दुकानांवर यांनी मराठीत रंगवले. तिसरा दत्ता. तो सिनेमाचे बॅनर करायचा. हिरो कुठलाही असो, दत्ताच्या हातून गेला की थोडा दत्तासारखा दिसायचा. पब्लिकची त्याला हरकत नव्हती.

*

मी शेडवर झोकात बोर्ड लावला. नाव, खाली डिप्लोमा, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'चित्रकार'. पहिलं गिऱ्हाईक पोळ्याच्या आदल्या दिवशी आलं. एक शेतकरी बैलजोडी घेऊन दारात उभा.

मी विचारलं, काय पाहिजे? तो म्हणाला, शिंगं रंगवायची हायत. मी त्याला बोर्ड दाखवला. त्यानं तो सावकाश, डिप्लोम्यासकट वाचला आणि म्हणाला, "म्हंजे रंगाचंच काम हाय न्हवं?"

मी खाजाभाईंकडं बघितलं. ते बिडी विझवत म्हणाले, "पहले शिंगां रंगाओ मियाँ, आर्ट कहीं भागके नै जारा."

रंगवली! हिंगूळ लावला, वर बेगड चिकटवली. त्या वर्षी कडब्याचा पत्ता नव्हता. बैलांच्या अंगावर बरगड्याच उरल्या होत्या, त्यामुळं माझी शिंगं फार उठून दिसली. मिरवणुकीत लोक म्हणाले, बैल काही खरा नाही, पण शिंगं एक नंबर.

*

नवा जिल्हा म्हणजे पेंटरची दिवाळी. प्रत्येक शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, दवाखाना, सगळीकडं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. जिल्हा मंत्रालयात झाला असेल, पण खरा केला तो आम्ही तिघांनी, ब्रशनं!

कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात सरपंचांनी मला शिडीवरून खाली बोलावलं. म्हणाले, जुनं पुसू नका. त्याच्या खाली नवं लिहा.

मी म्हणालो, सरपंच, एका गावाला दोन जिल्हे कसे लिहायचे?

ते म्हणाले, "पेंटर, आमचा आजा निजामात जन्मला, बापाचं लगीन हैदराबाद स्टेटात झालं, मी मुंबई राज्यात शाळेला गेलो. घर मात्र तितंच हाय. राहू द्या जुनं. पुन्हा नेलं तर पुन्हा खर्च नगं."

तसाच बोर्ड लिहिला. बरीच वर्षं गावाला दोन जिल्हे होते आणि दोन्हींकडून काही मिळत नव्हतं.

एका नव्या कचेरीत तर खुर्च्यांच्या आधी बोर्ड आला. साहेब रुजू व्हायचे होते. हेडक्लार्क दत्ताला बाजूला घेऊन म्हणाला, "हुद्दा ऑइलपेंटमध्ये घ्या. नाव मात्र खडूच्या रंगात. लातूरला पाणी न्हाई हे साहेबाच्या मिसेसला कळूस्तोवरच साहेब राहतेत." क्लार्क अनुभवी होता. दत्तानं त्या एका बोर्डावर पोट भरलं.

*

मग दुष्काळाची कामं निघाली. गावोगावी भिंतीवर 'पाणी जपून वापरा' लिहायचं. पत्रक आलं होतं, नमुना आला होता, अक्षराची उंचीही वरून ठरून आली होती. भिंत आधी पांढरी करायची आणि मग निळ्यात अक्षरं काढायची. निळाच का, तर पाणी निळं असतं. हे ठरवणाऱ्यानं आमच्या आडाचं पाणी बघितलेलं नव्हतं.

आता भिंत पांढरी करायची म्हणजे चुना भिजवावा लागतो. ग्रामसेवकानं कुठून तरी दोन घागरी पैदा केल्या. मी चुना कालवला, भिंतीला दोन हात दिले, भिंत चकाचक झाली. मागं टँकरच्या रांगेत बसलेल्या बाया बघत होत्या. मी 'पाणी जपून' एवढं लिहिलं असेल, तोवर एक बाई घागर काखेत घेऊन जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. काय लिवायलास, म्हणाली. मी वाचून दाखवलं.

ती भिंतीकडं बघत म्हणाली, "आधी हिला पाजलंस. आता आमाला शिकवायलास व्हय?"

'वापरा' हा शब्द मी कसा लिहिला, माझं मला माहीत. खाली उतरून तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही. आजही लाज वाटते, पण पत्रकाची, माझी नाही.

*

नांदेडच्या एका डॉक्टरांनी बंगला बांधला. त्यांना हॉलसाठी ऑइल पेंटिंग पाहिजे होतं. मला वाटलं, चला, एक तरी रसिक भेटला. विषय विचारला तर मॅडम म्हणाल्या, धबधबा काढा. या उन्हाळ्यात भिंतीकडं बघून तरी गार वाटलं पाहिजे.

मी आयुष्यात धबधबा बघितला नव्हता. कॅलेंडरं बघून, जीव ओतून काढला. डोंगर, धुकं, एक नाजूक धार. मॅडमनी लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढीशीच धार? आमच्या नळाला याच्यापेक्षा जास्त येतं. थोडं पाणी वाढवा ना."

वाढवलं. पूर आणला! माझ्या हातून मराठवाड्याला मिळालेलं पहिलं मुबलक पाणी ते.

*

उन्हाळ्याच्या तोंडाला मी प्रदर्शन भरवलं. स्वतःची चित्रं, सगळी दुष्काळावर. अण्णा निलंग्याहून धुतलेला शर्ट घालून आले. उद्घाटनाला एक पुढारी होते. त्यांना उशीर झाला, कारण ते दुष्काळाच्या दौऱ्यावर होते आणि दौऱ्यात जेवण लांबलं.

फीत कापून ते माझ्या मोठ्या चित्रापुढं थांबले. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, लांबवर चार घरं. बराच वेळ बघितलं. मग ते पीएकडं वळले आणि म्हणाले, "ह्या गावाला टँकर लावा."

टाळ्याच टाळ्या! पीएनं डायरी काढून मला हळूच गाव विचारलं. मी म्हणालो, साहेब, हे मनातलं गाव आहे. पीए वैतागला. "मनात टँकर जात न्हाई. काहीतरी नाव सांगा."

मी घाईघाईत मामाचं गाव सांगितलं. आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यात तिथं टँकर आला! जे गाव वर्षभर अर्ज करून थकलं होतं, तिथं. मामा खास लातूरला आले. खूश होते. शेडमधली सगळी चित्रं बारकाईनं बघितली आणि म्हणाले, "भाच्या, आता एक डांबरी रस्त्याचं काढ की."

चित्र मात्र एकही विकलं गेलं नाही. अण्णांनी जाताना एवढंच विचारलं, "टँकर आला. तुझं काय आलं?" त्या रात्री मी फार चिडलो होतो. अण्णांवर नाही, त्या टाळ्यांवर.

*

जून आला. अण्णा मला न्यायलाच आले. नांदेडची गाडी पकडायची आणि तिथून नायगाव. माझ्याकडं फक्त एक काम राहिलं होतं, एक पोर्ट्रेट पोचवायचं. रस्त्यातच होतं, म्हणून अण्णाही सोबत निघाले.

त्या पोर्ट्रेटची कथा अशी. नव्या जिल्हा परिषदेची इलेक्शन येणार, अशी हवा होती. एका मयत पाटलांचे दोन मुलगे, माधवराव आणि गोविंदराव, दोघंही तिकिटाच्या मागं. वडिलांची पुण्याई दोघांनाही पाहिजे होती, पण वडिलांचा फोटोच नव्हता. म्हाताऱ्यानं हयातीत कधी काढून घेतला नव्हता. म्हणून माझ्याकडं आले. माधवराव म्हणाले, वडील डिट्टो माझ्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी गोविंदराव एकटे येऊन म्हणाले, थोरल्याचं ऐकू नका, वडलांचं नाक माझं आहे.

दत्तानं सुचवलं, अर्धं याचं, अर्धं त्याचं कर. मी त्यापेक्षा त्यांच्या आईला गाठलं. ती जोंधळे निवडत होती. मी विचारलं, पाटील दिसायला कसे होते?

तिनं विचार केला. मग म्हणाली, "तोंड काय मी नीट बघितलं न्हाई, बाबा. समोर आले की आमचा पदर खाली. पाय सांगते."

आणि तिनं पाय सांगितले. उजवा पाय बाजेवर घेऊन बसायचे. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. घोट्याला नांगराच्या फाळाचा वण. राग आला की डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर वाजायची, एक सोडून. एवढं चाळीस वर्षांच्या संसारातलं तिनं पदराखालून बघितलेलं. मी तसंच काढलं. तोंडावर फेट्याची सावली टाकली, कारण तिथलं कुणालाच माहीत नव्हतं.

पाटलांच्या लातूरच्या नव्या घरी गेलो. अण्णा आमच्या वस्तीच्या सवयीनं बाहेर पायरीपाशीच थांबले. मी चित्र बैठकीत भिंतीला टेकवून वरचं कापड काढलं.

माधवराव बघत राहिले. "हे कोण?" गोविंदराव वाकून बघायला लागले. नाक कुठं गेलं, म्हणाले. मग दोघं भाऊ, ज्यांचं महिनोन्‌महिने कशावर जमलं नव्हतं, एका आवाजात म्हणाले की हे आमचे वडील नाहीत. फेटा मागं सरकवा, सावली काढा, तोंड उजेडात घ्या. पोस्टरवर पाय छापून मतं मिळतात का?

गलका ऐकून म्हातारी स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ होतं. चित्र समोर येताच ती जागच्या जागी थांबली. पिठाच्याच हातानं पदर कपाळाच्या खाली ओढला आणि उलट्या पावलांनी दाराआड गेली.

दाराआडून तिनं थोरल्याला हाक मारली.

"माधवा, इचार त्यांनला. इतके दिस कुठं व्हते?"

मी बाहेर आलो. अण्णा पायरीपाशी नव्हते. ते चढून वर, बैठकीच्या दारात उभे होते, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. नांदेडची गाडी लागलेली होती. अण्णा तिच्यावरून पुढं गेले, शेवटच्या फलाटाला उभ्या गाडीत चढले. मी दोघांच्या पिशव्या घेऊन मागं धावलो. दारातच कंडक्टर तिकिटं फाडत होता. त्यानं आम्हा दोघांकडं बघून विचारलं, "दोन का?"

अण्णांनी माझ्या हातातली फक्त त्यांची पिशवी घेतली.

"एक द्या," ते म्हणाले. "निलंगा."