चौसष्ट कोअर आणि मोकळी जागा

मला राग लवकर येतो, आणि चूक माझीच असली तर जास्त येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला नको.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. जुने सिनेमे आमच्याकडे येतात ते ओरखडे, बुरशी आणि डाग घेऊन. आमचा प्रोग्राम एकेक फ्रेम तपासतो, डाग शोधतो आणि पुसतो. हा प्रोग्राम मी ऐन तरुणपणी लिहिला होता आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही.

पण काम फारच हळू चालायचं. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी त्यांना भविष्यच ऐकवलं. पूर्वी दरवर्षी नवा प्रोसेसर यायचा आणि आपण काही न करता आपलं काम वेगात व्हायचं. ते दिवस गेले. आता एकाच प्रोसेसरच्या पोटात पुष्कळ कोअर असतात आणि प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे काम करू शकतो. यापुढे कोअर वाढतच जाणार, आणि ज्याला आपलं काम त्यांच्यात वाटून देता येईल तोच टिकणार. "चौसष्ट कोअरचं मशीन घ्या, प्रोग्राम मी नव्याने लिहून देते," असं मी छातीठोकपणे सांगितलं. साहेबांनी बिचकत का होईना, घेतलं.

चाचणी शुक्रवारी होती. स्टुडिओची माणसं येणार, त्यांच्यासमोर एक अख्खं रीळ साफ करून दाखवायचं. फसलो तर मशीन परत जाणार, काम बाहेरच्या कंपनीला मिळणार आणि माझा विभाग बंद होणार. पन्नाशी उलटलेल्या बाईला मग दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

माझ्या जोडीला एकच सहकारी होती. वेसाव्याची कोळी घरातली, वय बत्तीस. आई अजून बाजारात मासळीचे वाटे लावते, लेक आमच्याकडे कोड लिहिते. बोलायला मोजकी, पण कामाला पक्की. आपण किती डाग शोधले हे मोजायला प्रत्येक कोअरला स्वतःचा एक आकडा लागणार होता. तो भाग तिने लिहिला. मी तपासायला घेतला आणि माझं डोकंच तापलं. चौसष्ट आकडे ओळीने ठेवायचे, तर हिने प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये मेमरीत भरपूर रिकामी जागा सोडलेली!

"ही काय उधळपट्टी लावलीयेस गं?"

"मॅडम, ते मुद्दामच..."

"मुद्दाम केलं असशील तर आणखी वाईट!"

तिला पुढे बोलूच दिलं नाही. सगळी रिकामी जागा काढून टाकली आणि चौसष्ट आकडे एकमेकांना खेटून बसवले.

यात माझं लहानपण आडवं आलं. वडील गिरणीत होते आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं. डब्यात डबा, पातेल्यात पातेलं, खाटेखाली गाद्यांच्या वळकट्या. कुठे चार बोटं फट दिसली की आई ओरडायची, "जागा खय आसा गो आपल्याकडे?" पुढे नोकरीला लागले तेव्हा संगणकातही मेमरी अशीच कमी असायची. जागा वाचवणं हीच हुशारी, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. त्याबद्दल लोकांनी पाठही थोपटली होती.

सोमवारी नवा प्रोग्राम चालवला आणि तो जुन्यापेक्षाही हळू चालला! चौसष्ट कोअर असून तोंडघशी पडायची वेळ आली. मंगळवारी मी मशीन विकणाऱ्याला फोनवर झापलं. बुधवारी एसीला दोष दिला. प्रोसेसर तापतोय म्हणून खोलीत इतका गारठा केला की हिशेबनीस शाल पांघरून बसले. साहेब दारातून डोकावून विचारायचे, "मॅडम, होईल ना?" मी म्हणायचे, "होईल."

गुरुवारी दुपारी मी आरडाओरडा सोडला आणि नीट मोजायला बसले. एकाच कोअरला काम दिलं, ते छान झालं. दोघांना दिलं तर वेळ तेवढाच. आठांना दिलं तर उलट जास्त. म्हणजे हात वाढवावेत तसं काम अडत होतं. पण कुणाचं कुणाकडे काही सामाईक नव्हतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा होता, फक्त शेजारी होता. शेजारी! मी खुर्चीतून उठले आणि तिच्या टेबलापाशी गेले.

"ती जागा तू कशासाठी सोडली होतीस?"

तिने मान वर करून शांतपणे सांगितलं. "मॅडम, प्रोसेसर एकटा आकडा उचलत नाही ना. शेजारचे सातआठ मिळून मेमरीचा अख्खा तुकडा उचलतो. एका कोअरने त्यातला स्वतःचा आकडा बदलला की बाकीच्यांकडचा तो तुकडा बाद, त्यांनी परत आणायचा. आपल्या प्रोग्राममध्ये सगळे दिवसभर तेच करतायत. मध्ये जागा सोडली की प्रत्येकाचा आकडा वेगळ्या तुकड्यात जातो. एका टोपलीत आठ बायकांनी हात घातल्यावर मासळी कशी निवडून होणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही बोलू दिलंत कुठे? सोमवारपासून दोन मेल टाकले, तुम्ही उघडलेसुद्धा नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निमूटपणे तिचा जुना कोड परत आणला. मेमरी गेली ती चिमूटभर. आठ कोअर लावले, काम जवळजवळ आठपट वेगात! मग चौसष्टच्या चौसष्ट लावले. समोरचा चहा गार व्हायच्या आत अख्खं रीळ साफ झालं होतं. मी तिला मिठी मारली आणि इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या ऑफिसातली माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

शुक्रवारी स्टुडिओची माणसं बसली, पडद्यावर रीळ सुरू झालं. ओरखड्यांच्या पावसाआड हरवलेला एका नटीचा चेहरा भराभर मोकळा होत गेला, अगदी नाकातल्या चमकीपर्यंत. त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ पुढे सरकून म्हणाले, "परत दाखवा." दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी कपाटातली बाकीची सगळी रिळं पाठवायचं कबूल केलं. विभाग वाचला होता.

"मॅडम, कमाल केलीत!" म्हणत साहेबांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळं ऑफिस सामील झालं. नुसती मान झुकवली असती तरी चाललं असतं. मी उभी राहिले. "चूक माझी होती आणि हिने ती आधीच टाळली होती. मीच हिचं काम बिघडवलं," मी सगळ्यांदेखत सांगितलं. "पुढच्या मशीनला याच्या दुप्पट कोअर असतील. तो प्रोग्राम ही लिहील. मी हिच्या हाताखाली काम करीन."

पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, आता बोलू?"

"बोल की."

"तुमच्या कोडमध्ये ही चूक अजून तीन ठिकाणी आहे."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "दाखव."