सगळ्यात खालचं घर

ऐन मे महिन्यातल्या उकाड्यात, पंख्याखालीही जीव नकोसा होत असताना, आमच्या लालबागच्या चाळीतली रशियावैनी वर्षातून एक दिवस लोकरी शाल पांघरून गॅलरीत उभी राहायची. त्या दिवशी ती डोक्यावरून अंघोळ करायची, धुतलेली साडी नेसायची आणि पूर्वेकडे तोंड करून बराच वेळ गप्प उभी असायची. समोर दिसायची ती पलीकडच्या चाळीची गॅलरी आणि तिथे वाळत घातलेल्या गोधड्या. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, बाईला हिव भरलंय. आम्ही जुने लोक मात्र पोरांना दटावून आवाज कमी करायला लावायचो. वैनीच्या गावच्या नदीवरचा बर्फ फुटायचे ते दिवस असत आणि तिकडे सगळं गाव तसंच स्वच्छ कपडे घालून, न बोलता काठावर उभं राहतं, हे आम्हाला माहीत होतं.

तिचा नवरा, आमचा भाई, माझगावला बोटींच्या दुरुस्तीच्या कामावर होता. तरुणपणी त्याला शिकायला रशियात धाडलं होतं, तेही कुठल्या मोठ्या शहरात नाही, तर सायबेरियातल्या एका नदीकाठच्या लहानशा गावी, जिथे हिवाळ्यात बोटी काठावर ओढून दुरुस्त करतात. परत आला तो हिला घेऊन. भाईची आई मालवणकडची. तिने सुनेचं नाव ‘गंगा’ ठेवलं, कारण पोर नदीवरून आली. पण चाळीने रशियावैनी म्हटलं आणि तेच राहिलं. सासूने तिला जी भाषा शिकवली ती घरातली, मालवणी. त्यामुळे छापील मराठी बोलताना ती अडखळायची आणि मालवणीत मात्र भांडूही शकायची. तेवढा ‘भ’ तिला शेवटपर्यंत जमला नाही. नवऱ्याला ती जन्मभर ‘बाई’ म्हणत आली आणि तो बिचारा ओ देत आला.

तिचा एक शब्द सगळ्या चाळीला पाठ होता. मागसून. नळावर तिचा हंडा पुढे सरकवला की म्हणायची, “तुमी आधी घेवा, मी मागसून.” गणपतीचा प्रसाद असो की गावाहून आलेले आंबे, तिचं मागसून ठरलेलं. मी तशी फटकळ. एकदा म्हटलं, “वैनी, एवढा साधेपणा बरा नाही, लोक डोक्यावर बसतात.” ती चांगलीच चिडली. “साधेपणा खयचो? आमच्याकडे कारभार करणाऱ्याच्या घरात अशीच रीत असा.”

तिच्या गावाचा इतिहास आम्हा सगळ्यांना तिच्याकडूनच कळला, शेंगा सोलता सोलता, थोडा थोडा. आधी तिथे जंगल आणि नदी एवढंच होतं. मग झारचे घोडेस्वार शिपाई आले, टेकाडावर लाकडाचा किल्ला उभारला आणि आसपासच्या शिकारी लोकांकडून केसाळ जनावरांची कातडी कर म्हणून घेऊ लागले. पुढे झारच्या विरोधात बोलणाऱ्यांना तिकडे हद्दपार करू लागले, आपल्याकडे अंदमानला पाठवायचे तसं. त्यांच्यातल्याच कुणीतरी शाळा काढली. नंतर धुराच्या बोटी आल्या, व्यापारी आले. मग क्रांती झाली. चर्चचं धान्याचं कोठार झालं, वैनी इकडे आल्यावर त्याचं पुन्हा चर्च झालं. तिचे वडील त्या गावाच्या समितीचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखे.

आता खरी गोष्ट. तिकडची नदी वाहते उत्तरेकडे, थंडीच्या दिशेने. त्यामुळे उन्हाळा लागताना ती डोक्याकडून वितळते आणि पायाकडे गोठलेलीच असते. वरून आलेले बर्फाचे तुकडे खाली अडकतात, त्यांचा बांध होतो आणि पाणी गावात शिरतं. झारने नेमलेले पहिले सुभेदार टेकाडावरच्या किल्ल्यात राहत. एका वर्षी पहाटे पाणी आलं आणि खालची गल्ली वाहून गेली. धोक्याची घंटा किल्ल्यात होती आणि किल्ल्यात कुणाचेच पाय भिजले नव्हते. ती वाजली तेव्हा वाचवायला कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर नवा सुभेदार आला तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्या घरासाठी टेकाडावर एक ओंडकाही चढवायला नकार दिला. घर बांधायचं तर खाली, पाण्याजवळ बांध. सुभेदार आरडाओरडा करून दमला आणि शेवटी खाली राहायला आला. तेव्हापासून गावचा प्रमुख राहणार तो सगळ्यात खालच्या गल्लीत, सगळ्यात खालच्या घरात. झार गेले, राजवटी बदलल्या, पण ते घर हललं नाही. वैनीचं बालपण त्याच घरात गेलं. बर्फ फुटायच्या दिवसांत तिचे वडील बूट घालूनच झोपत आणि आई आधीच अंथरुणं माळ्यावर नेऊन ठेवी.

ही रीत लालबागला येईल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. चाळीच्या कमिटीत दोन गटांची भांडणं विकोपाला गेली, तेव्हा दोघांनाही चालेल असं एकच माणूस उरलं आणि वैनी अध्यक्ष झाली. हार वगैरे घातले, पेढे वाटले. वैनी सरळ तळमजल्यावर मोरेकाकूंच्या दारात गेली. ती चाळीतली सगळ्यात खोलगट खोली, दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. काकूंचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून दम्याने खाटेवर होता. वैनी म्हणाली, “काकू, तुमी वर जावा. आमी हय येतो.”

चाळीत नुसता गोंधळ उडाला. दुसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली कुणी अशी सोडतं का? मोरेकाकू बौद्ध, त्यामुळे काही नाकं वेगळ्या कारणानेही मुरडली गेली, ते सांगायला मला आजही लाज वाटते. सासूचा तर कपाळावरचा हात निघेना. “ह्या वयात माका पाण्यात नेवन ठेवतलंस गो?”

“पाणी आधी आमच्या घरात येवक व्हया, आई,” वैनी म्हणाली. “मगे माका झोप येवची नाय.”

भाई कोपऱ्यात पेपर वाचत बसला होता. पेपर खाली न करता म्हणाला, “हिच्या बापाने मला हुंड्यात पूर दिला.” पण सामान उतरवायला पहिला हात त्यानेच लावला, दुसरा त्यांच्या शाळकरी मुलाने.

पहिल्याच पावसाळ्यात पाणी आलं आणि वैनीने पालिकेच्या वॉर्डातल्या साहेबांना चहाला बोलावलं. ते बिचारे आले. वैनीने त्यांना खाटेवर बसवलं, पाय वर घ्यायला सांगितले, गरम वडे दिले आणि स्वतः पाण्यात उभी राहून त्यांना आग्रह करकरून वाढत राहिली. तक्रारीचा शब्द काढला नाही. साहेबांच्या चपला दाराकडे तरंगत गेल्या त्याही तिनेच आणून दिल्या. त्या वर्षापासून दर मे महिन्यात चाळीमागचा नाला साफ होऊ लागला. सफाई कामगार खाली उतरले की वैनी काठावर खुर्ची टाकून बसायची, त्यांना सरबत द्यायची आणि शेवटचा गाळ उचलेपर्यंत उठायची नाही. हळूहळू तळमजल्यावरचं पाणी थांबलं. सासू त्याच खोलीत, कोरड्या जमिनीवर, सुखाने गेली. जाताना सुनेच्या हातून पेज पीत होती.

मग करी रोडपासून आमच्यापर्यंत सगळीकडे टॉवर येऊ लागले आणि चाळीचीही पाळी आली. नव्या इमारतीचं थर्माकोलचं मॉडेल आणून ठेवलं होतं, त्याच्याभोवती आम्ही जत्रेसारखे जमलो. कुणी विचारलं किचन केवढं, कुणी विचारलं देवघर कुठे. वैनीने वरच्या मजल्यांवर बोट ठेवून एकच विचारलं, “हयसून पाणी दिसतला?” बिल्डरचा माणूस म्हणाला, पूर्वेच्या बाजूला वरच्या घरांतून बंदर दिसेल. वैनीचा चेहरा त्या क्षणी लहान मुलीसारखा झाला. इतक्या वर्षांत तिला काही हवंय असं मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्नानंतर ती माहेरी दोनदाच गेली होती, आणि तिथल्या माणसांची येते तितकीच तिला नदीचीही आठवण येते, हे मला तेव्हा कळलं. नंतर बांधकाम होईपर्यंत संक्रमण शिबिरात, दाटीवाटीच्या खोल्यांत दिवस काढताना ती भाईला म्हणायची, वरची खिडकी मिळाली की तिथे खुर्ची ठेवायची. भाई त्या शिबिरातच गेला.

घरं चिठ्ठ्या टाकून वाटायचं ठरलं होतं. बिल्डरच्या माणसाने वैनीला बाजूला घेऊन सांगितलं, अध्यक्षबाईंसाठी वरचं एक घर वेगळं ठेवतो, कुणी काही म्हणणार नाही. खरंच कुणी काही म्हणालं नसतं. आमची तर तीच इच्छा होती. वैनीने सभेत उभं राहून सांगितलं, “माझी चिठ्ठी टाकू नकात. रवतला ता माका द्या.” एक घर चिठ्ठ्यांत घालायचं नाही असं ठरलं आणि राहिलं ते अर्थातच सगळ्यात खालचं, कुणालाच नको असलेलं, पंपाच्या खोलीच्या डोक्यावरचं घर. त्याच्या खिडकीसमोर कंपाउंडची भिंत. आणि पाण्याची खिडकी चिठ्ठीत निघाली ती माझ्या नावावर, सतराव्या मजल्यावर. मी म्हटलं, “वैनी, अदलाबदल करू या. मी आणि माझी आई, आम्हाला कुठलंही घर चालेल.” तिने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “मागसून.”

त्यानंतर दर मे महिन्यात, बर्फ फुटल्याचं सांगायला गावाकडच्या तिच्या बहिणीचा फोन आला की ती शाल घेऊन माझ्याकडे वर यायची. खुर्ची दिली तरी बसायची नाही. पहिल्या वर्षी मी मूर्खासारखं म्हणाले, “वैनी, ही खाडी आहे, हिच्यात कुठे बर्फ आणि कुठे प्रवाह!” ती बाहेरच पाहत म्हणाली, “चलता गो पाणी. बघ नीट.” मी पाहिलं. दूरवर, ओहोटीच्या वेळी, गढूळ पाण्यात एक फळी सावकाश बाहेर चालली होती. आम्ही दोघी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. मग ती खाली गेली, कारण पंप चालू व्हायची वेळ झाली होती. पंपाचा आवाज बदलला की तो बिघडायच्या आधी तिला कळायचं, आपोआप कळायचं, कारण तो तिच्या बिछान्याखाली होता.

एका वर्षी फोन आला तो वेगळाच. गावातली बरीच माणसं निघून गेली होती, बोटींचं काम बंद पडलं होतं आणि आता गावाचा सरकारदरबारी असलेला शहराचा दर्जा काढून घेतला होता. कारभार दूरच्या मोठ्या जिल्ह्याला जोडला. समितीच्या इमारतीवरची पाटी उतरवताना बहिणीने फोनवरून दाखवली. वैनी माझ्याच खिडकीशी उभी होती. तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत बसली. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेले, की नाव गेलं तरी गाव आहेच ना. ती म्हणाली, “घर असा, पण त्या घरात आता कोण नाय. आता पाणी इला तर सांगतले कोणाक?” घरी गेल्यावर तिने वडिलांच्या फोटोपुढे दिवा लावला आणि माणूस गेल्यावर पाळतात तसे काही दिवस घरात गोडधोड केलं नाही.

तिचं शेवटचं आजारपण लांबलं. अध्यक्षपद सोडा आणि वर माझ्याकडे राहायला या, असं मी हट्टाने सांगत होते. मी चिडले, रडलेसुद्धा. ती म्हणायची पावसाळा जाऊ दे, मग म्हणायची गणपती जाऊ देत. एप्रिलमध्ये ती गेली. बर्फ फुटायला अजून अवकाश होता. मोरेकाकू, आता पार थकलेल्या, लिफ्टने खाली येऊन तिच्या पायाशी बसल्या आणि कुणी उठवलं तरी उठेनात. वैनीचा मुलगा बंगळूरला असतो. जाताना त्याने ती शाल माझ्या हातात दिली.

नवे अध्यक्ष झाले ते वरच्या मजल्यावरचे. माणूस भला, पण इंटरकॉम आहे, कॅमेरे आहेत, आता खाली कशाला राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात पंपाच्या खोलीत पाणी शिरलं. वैनीचं घर बंद होतं, त्यामुळे ते कुणाला कळलंच नाही. नळ कोरडे पडले, लिफ्ट बंद झाली, आणि नवव्या मजल्यावर एकट्या मोरेकाकू दिवसभर घोटभर पाण्यावर बसून राहिल्या. संध्याकाळी आम्ही जिना चढून गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “वैनी असती तर मला हाक मारायचीही गरज नव्हती गं.” भल्या माणसाने त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

अध्यक्ष व्हायला हो म्हणण्याआधी मी वैनीच्या मुलाला फोन केला. कागद आपापल्या नावावर ठेवून राहण्याची अदलाबदल करायची, तू भाडेकरू ठेवशील ते सतराव्या मजल्यावर, मला तुझ्या आईचं घर. तो म्हणाला, “आम्ही खाली राहायला गेलो तेव्हा आजी केवढी चिडली होती!” मी भीतभीत माझ्या आईला विचारलं. पंच्याऐंशी पार केलेली माझी आई म्हणाली, “तिच्या सासूला जमलं ना? मग मला काय धाड भरलीये? बांध सामान.”

आता माझ्या खिडकीतून भिंत दिसते. खोटं कशाला बोलू, मला त्या पाण्याची फार आठवण येते, आणि वैनीची त्याहून जास्त. रात्री पंप सुरू झाला की जमीन किंचित थरथरते आणि मी झोपेतही कान देते.

या मे महिन्यात वैनीच्या बहिणीचा फोन माझ्या फोनवर आला, नंबर भाच्याने दिला असावा. भाषा काही कळली नाही, पण कशासाठी आहे ते कळलं. मी शाल काढली. इतक्यात वरचे भाडेकरू, नवं लग्न झालेलं जोडपं, बोलवायला आले. वैनीच्या मुलाने त्यांना सांगून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, “काकू, वर येता ना? आज पाणी छान दिसतंय.” बाहेर नाला साफ करणारी माणसं नुकतीच उतरली होती आणि मी काठावर खुर्ची टाकायला निघाले होते.

मी शाल खांद्यावर टाकली आणि तिला म्हटलं, “तुम्ही बघा, बाळा. मी मागसून.”