होय की नाही

हे मी अजून कोणाले सांगितलं नाही. सुनेले तर मुळीच नाही. तुमी जवळचे म्हणून सांगते — हसा खुशाल, पण पुरतं ऐका.

आमच्या किन्हीराजात निरक्षर बायांचा वर्ग निघणार होता. त्याच्या पाहणीले शबाना आली — किराणावाल्या भाईची पोरगी. मोबाइल घेऊन ओट्यावर बसली. काकू, लिहिता-वाचता येते का? होय की नाही? मधलं काहीच नाही!

शाळा मी पाह्यली नाही. पण तिच्याच बापाच्या दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचू वाचू मी अक्षरं शिकली होती. साखर डब्यात, कागद माह्याजवळ. म्हणजे होयच ना? पण होय म्हटलं की मले वर्ग बंद — अन् तिथं तर सारी गल्ली जाणार, शेजारची कौसल्याही. मी म्हटलं, नाही.

काय दुपारी होत्या त्या, बाई! समाजमंदिरात सतरंजी, शिकवायले शबानाच, भाजलेल्या शेंगा, अन् खिदळणं. मी 'क' मुद्दाम वाकडा काढायची, अन् हसू दाबता दाबता पोट दुखायचं.

मग — कसं सांगू? — कौतुकाची चटक लागली. मी भराभर "शिकली". धडा वाचला की शबाना टाळ्या पिटायची. कौसल्या मात्र अडखळायची. तिले मंगरूळपीरच्या गाडीची पाटी आपली आपण वाचायची होती. लेक दिली तिथं. एक दिवस शबाना म्हणाली, "मावशी, काकू तुमच्यासंगच आल्या, पाहा कशा वाचून राह्यल्या! तुमाले काहून जमत नाही?"

तेव्हा बोलायचं होतं. बोलली का मी? मी पुढचा धडा काढला.

दुसऱ्या दिवसापासून कौसल्या आली नाही.

वर्ग संपल्यावर शबानानं पुन्हा मोबाइल काढला. वर्ग कसा वाटला — खूप चांगला, चांगला, बरा, वाईट? मी म्हटलं, खूप चांगला. तेवढं तरी खरं होतं. मग ती कौसल्याच्या ओट्यावर गेली. मीही तिथंच बसली होती. वर्ग काहून सोडला, मावशी? यातलं एक सांगा — वेळ नाही, घरचे जाऊ देत नाहीत, तब्येत बरी नाही, शिकणं जमत नाही.

कौसल्या खळखळून हसली. "लिही शेवटचं. काकूसारखं डोकं कुठून आणू वं पोरी?"

शबानानं बोट टेकवलं. त्या चार कारणांत मी कुठंच नव्हती. मीही हसली — कौसल्यापेक्षा मोठ्यानं.