दोनपेक्षा कमी

काकासाहेब आमच्या छावणीजवळच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नमुने गोळा करतात. तारीख लिहिल्याशिवाय बाटली हातातून सोडायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. गेल्या महिन्यात मात्र हा माणूस दार वाजलं तरी दचकायचा.

कारण तपासणी त्यांच्याच वस्तीची होती. चितेगावच्या पुढं तीस घरं, घरोघरी बोअर. पाण्यात शिसं होतं, पण कायद्यात बसेल इतकंच. ते माणसांच्या रक्तात चढतंय का, एवढाच प्रश्न होता; म्हणून घरटी एका माणसाचं रक्तही घेतलं होतं. काकांची मुलगी आवडा बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला.

आमचे साहेब अनंतराव यांनी झटपट उत्तर काढलं. शिशाचा आकडा दोनच्या खाली असेल, तर आमच्या यंत्राला तो दिसत नाही. कागदावर ‘२ पेक्षा कमी’ एवढंच उमटतं. पाण्यात किंवा रक्तात असा शेरा आलेली एकोणीस घरं त्यांनी सरळ वगळली. उरलेल्या अकरा घरांत पाण्याचा आणि रक्ताचा काही मेळ दिसेना. ‘संबंध नाही’ लिहून साहेब मोकळे! मला संताप आला. निम्म्याहून जास्त घरं पुसायची आणि वर निष्कर्ष काढायचा?

मी काकांना तीसच्या तीस घरांच्या चिठ्ठ्या करायला लावल्या: पुढं पाण्याचा आणि रक्ताचा आकडा, मागं नमुन्याची तारीख.

“पर मॅडम, ज्याचा आकडाच नाय, त्याचं काय करायचं?”

“तो दोनच्या खाली आहे, हे तर ठाऊक आहे ना? मग सातवाल्यापेक्षा कमीच की.”

दुपारभर आम्ही दोन-दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवत गेलो. ज्याच्या पाण्यात जास्त त्याच्याच रक्तात जास्त, तर डावीकडं रेघ. उलटं असेल तर उजवीकडं. ठरवताच येईना, ती जोडी सोडून द्यायची. डावीकडच्या रेघा वाढत चालल्या, तसा काकांचा चेहरा उतरत गेला. साहेबच खरे ठरावेत, असं त्यांना वाटत होतं.

उजवीकडच्या बहुतेक रेघा एकाच चिठ्ठीच्या होत्या. पाणी नऊ, रक्त दोनपेक्षा कमी. काकांनी ती घट्ट धरली.

“ही आमची आवडा. वस्तीत सगळ्यात वाईट पानी आमचं, अन् पोरीच्या रक्तात काहीच नाय. या चिठ्ठीवरच तर माझा जीव टांगलाय, मॅडम.”

मी चिठ्ठी उलटली. मागं त्यांच्याच अक्षरात नमुन्याची तारीख होती, दोन महिन्यांपूर्वीची.

“काका, आवडा माहेरी कधी आली?”

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. “रक्त घेतलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. तवर ती सासरचंच पानी पीत होती.”

त्यांनी मोबाइल काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला, तेव्हा मीच लावून दिला.

“आवडे, बोअरचं पानी पिऊ नको गं. लेकरा, नको पिऊ.”

फोनमधून तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

“आत्ताच तांब्याभर पेले की, बाबा. का?”