आधी निय्यत, मग माप

आपा मोजायच्या आधी बोलायच्या. संगणकावर प्रथिनाची रचना उघडली की खुर्ची मागं सरकवायच्या आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "निय्यत करते. साडेचार." साडेचार म्हणजे साडेचार अँगस्ट्रॉम, अणूंमधलं अंतर मोजायचं माप. दोन अमिनो आम्लांचे अणू तेवढ्या अंतराच्या आत आले तर ती एकमेकांना 'लागतात', बाहेर राहिले तर लागत नाहीत. एकदा बोलून झालं की साडेचारचे पावणेपाच कधी व्हायचे नाहीत, मग हाती काही लागो न लागो. आमच्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात नवीन आलेल्या प्रत्येकाला याचं हसू यायचं. मलाही आलं होतं.

"यात हसायचं काय गं?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. "दिवसभर कामात जेवायला सवड मिळाली नाय, म्हणून संध्याकाळी म्हणता येतं का, की आज माझा रोजा होता? रोज्याची निय्यत, म्हणजे मनाशी संकल्प, पहाटेच्या आधी करायची. मापाची पण तशीच. आकडा बघून मग अंतर ठरवलं, तर ते मोजणं नाय, स्वतःला फसवणं झालं." पुढं आमच्याकडं तो रिवाजच पडला. चतुर्थी धरणारे, पौर्णिमेला विहारात जाणारे, कशातच नसणारे, सगळे मोजायच्या आधी मोठ्यानं निय्यत करायचे. केंद्रातल्या शिपायांना वाटायचं, ही मंडळी काहीतरी मंत्र म्हणतात.

आपा सिल्लोडच्या. घरी कापसाचा व्यापार, भाऊ तो बघायचे. तिथल्याच ज्युनियर कॉलेजात काही वर्षं शिकवून मग त्या पीएचडीला आल्या होत्या, त्यामुळं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या, म्हणून आपा, म्हणजे ताई. त्यांचे गाइड असलेले आमचे सरसुद्धा त्यांना आपाच म्हणायचे, निदान गोड बोलायची गरज होती तोवर.

बी.एस्सी.च्या मुली केंद्र बघायला आल्या की आपा अंगावरची ओढणी हातात घ्यायच्या. एका टोकाजवळ एक गाठ, दुसऱ्या टोकाजवळ दुसरी. मग ओढणी मुठीत चुरगाळून मूठ उघडायची, तर दोन्ही गाठी शेजारी शेजारी. "प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, पण ती अशी दुमडलेली असते," त्या सांगायच्या. "माळेत लांब आहेत म्हणून फसू नका, घडी पडल्यावर कोण कुणाच्या शेजारी आलं ते बघा. आणि शेजारी दिसले म्हणून लगेच सोयरीक पण जुळवू नका." दोन तासांच्या व्याख्यानात जे मला कळलं नव्हतं ते मला त्या ओढणीनं कळलं.

शनिवारी आम्ही दोघी एकाच एसटीत असायचो. मी फुलंब्रीला उतरायचे, त्या पुढं जायच्या. एकदा गाडी इतकी भरली की एक बाई जवळजवळ आपांच्या मांडीवर टेकली. आपा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बघ, किती जवळ आहोत. पण आमचं काही लागत नाय. गर्दीनं चिकटवलंय." हर्सूलपासून फुलंब्रीपर्यंत मी हसत होते आणि त्या बाईला वाटलं मी तिलाच हसतेय.

आता रागाची गोष्ट. इतकी वर्षं झाली, पण सांगायला लागले की अंगाचा तिळपापड होतो, आणि तो मी लपवणार नाही.

आपांचं काम कापसावरच्या बोंडअळीच्या एका प्रथिनावर होतं. फवारा मारूनही न मरणाऱ्या अळीत हे प्रथिन थोडं बदललेलं असतं. सरांची कल्पना अशी, की बदललेल्या प्रथिनात माळेतली दोन लांबची अमिनो आम्लं एकमेकांना लागतात, आत जायची वाट बंद होते आणि औषध बाहेरच राहतं. कल्पना चांगली होती, हे मी रागातही मान्य करते. सरांनी ती परिषदांमधून सांगून टाकली होती. राहिलं होतं फक्त आपांनी मोजणं.

आपांनी निय्यत केली, साडेचार. अंतर आलं चार पूर्णांक नऊ.

सर आले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाच धरा. पाचही धरतात लोक." खरंय, धरतात. पण ते आधी धरतात. आपा शांतपणे म्हणाल्या, "सर, आज पाच केलं तर उद्या सहा करावं लागेल, मग सगळं गाव सोयरं निघेल. आणि ही रचना धूसर आहे, यात एवढं बारीक दिसतच नाय. लागतात का नाय, माहीत नाही, असंच लिहू ना." त्यावर सरांचं उत्तर माझ्या कानात अजून आहे. "आपा, 'माहीत नाही'ला डिग्री मिळत नसते."

पाच धरून लेख तयार झाला. पहिलं नाव आपांचं. आपांनी ते काढायला सांगितलं. सर म्हणाले, नाव खुशाल काढा, पण मग प्रबंधावर माझी सही विसरा. वड्याचं तेल वांग्यावर. प्रबंधातली बाकीची सगळी प्रकरणं, एवढ्या वर्षांची मेहनत, त्यात कुणाला एक खोट काढता आली नसती. पण सही सरांच्या हातात होती, आणि त्यांनी ती एका नावासाठी अडवून धरली.

केंद्रातली माणसं काय म्हणाली? "अर्ध्या अँगस्ट्रॉमचा तर प्रश्न." "बाईमाणसानं इतकं ताणू नये." जी तोंडं रोज मोठ्यानं निय्यत करायची ती सगळी मूग गिळून बसली. मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. "तुमचे गाइड वेगळे आहेत, तुम्ही तुमचं बघा," एवढंच ऐकून बाहेर आले. दारात आपा उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझा राग चांगला आहे गं. पण तो किती वाढवायचा ते पण आधी ठरव, नायतर त्याच्यापायी तुझा पण प्रबंध जाईल." त्यांचा जात होता, आणि त्या माझ्या प्रबंधाची काळजी करत होत्या.

नवीन गाइड मिळेना. सरांशी वाकडं कोण घेणार? आपा परत सिल्लोडला, त्याच ज्युनियर कॉलेजात गेल्या. स्टँडवर त्यांना सोडायला मी एकटीच होते. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नको. पोरं शिकवायची तर मला सवयच आहे." लेख दुसऱ्याच्या नावानं छापून आला. सरांचा सत्कार झाला, शाल, नारळ, सगळं. मी गेले नाही.

गेल्या महिन्यात त्याच प्रथिनाची नवीन रचना प्रसिद्ध झाली. परदेशात कुणीतरी केलेली, खूपच स्पष्ट. दुपारपासून माझा फोन वाजायला लागला. जुने सोबती, ज्यांनी तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, ते आता हौसेनं सांगत होते, "बघितलं का? ती दोन लागतात एकमेकांना. सरच बरोबर होते. उगीच हट्ट केला आपांनी, डिग्री घालवून बसल्या."

मला तिथल्या तिथं फोन भिंतीवर आपटावासा वाटला. अंधारात मारलेला दगड लागला म्हणून मारणारा नेमबाज होत नाही. सरांना त्या दिवशी काही माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं त्यांनी लिहिलं. आपांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. ती दोन अमिनो आम्लं पुढं गळ्यात गळा घालून निघोत नाहीतर तोंड फिरवून, त्या दिवशी खरं बोललं ते एकच माणूस. एवढं साधं शिकलेल्या लोकांना कळत नसेल, तर काय मोजतात हे आयुष्यभर?

पण आपांना सांगायला हवं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मला सांगायचं होतं. फोन लावला. मागं पोरांचा गलका, कॉलेज सुटत असावं. मी चाचरत म्हटलं, "आपा, बोंडअळीच्या प्रथिनाची नवीन रचना आलीय. मी मोजलं..."

"थांब," त्या म्हणाल्या. "आकडा सांगू नको." गलका मागं पडला, कुठंतरी शांत जागी गेल्या असाव्यात. मग जुना, सगळ्या खोलीला ऐकू जाणारा आवाज आला. "निय्यत करते. साडेचार. हां, आता सांग."

"तीन पूर्णांक सात."

त्या हसल्या, मुठीतली ओढणी उघडून दाखवताना हसायच्या तशा. "लागतात की गं," त्या म्हणाल्या. "अल्ला, लागतात. बरं झालं कळलं. इतकी वर्षं मला चैन नव्हतं."

त्यांना खरंच आनंद झाला होता. माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायचा नाही हे मी आधीच ठरवलंय.